पाणी पिणारा खड्डा

गावोगावचं सांडपाणी जिरवायला सरकारनं मला नेमलं, तेव्हा माझ्याजवळ एक लोखंडी सळई आणि एक मोजपट्टी होती. दोन्ही सरकारी. स्वतःच्या हुशारीविषयीचं मत मात्र घरचं होतं, आणि ते सळईपेक्षा वजनदार होतं.

मी ग्रामसेवक होतो. हैदराबाद राज्य मोडून आमचा परभणी जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. विकास गट सुरू झाले होते आणि जिंतूर तालुक्यातली काही खेडी माझ्या वाट्याला आली होती. त्यातल्या एका गावाची ही हकीकत. तिथली माणसं बोरीच्या बाजाराला पायी जात, एवढंच सांगतो. गावाचं नाव सांगणार नाही. त्याला कारण आहे, ते ओघात येईल.

काम दिसायला सोपं होतं. घराघरातलं न्हाणीचं, भांड्यांचं पाणी गल्लीत यायचं. बारा महिने चिखल, चिखलात डास, आणि पावसाळा सरता सरता निम्मं गाव हिवतापानं गोधडीत. यावर उपाय म्हणजे शोषखड्डा. कमरेइतका खोल खड्डा घ्यायचा, तळाला मोठे दगड, वर विटांचे तुकडे, त्यावर वाळू, आणि तोंडाशी भोकं पाडलेलं मडकं गवतानं भरून बसवायचं. मडक्यात तेलकट मळ अडकतो, खाली पाणी जमिनीत जिरतं. प्रशिक्षणात मी असा खड्डा तीनदा खणून दाखवला होता आणि तिन्ही वेळा शाबासकी मिळवली होती.

त्या प्रशिक्षण केंद्राची जमीन मुरमाड होती, ही गोष्ट मी गावात येताना केंद्रातच विसरून आलो. आमची काळी माती एकदा पाणी प्यायली की फुगते आणि तोंड मिटून घेते. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी स्वतः पेडगावच्या शेतकऱ्याचा मुलगा. काळ्या मातीत लोळून मोठा झालेला. पण प्रशिक्षणात माणूस शिकतो त्यापेक्षा विसरतो जास्त. गावाच्या खालच्या अंगाला मी ओळीनं सात-आठ खड्डे खणले. आठवड्याभरात सगळे काठोकाठ भरले आणि बेडकांनी त्यात संसार थाटले. पूर्वी गावात पसरलेला चिखल होता. मी तो नीट मोजून खड्ड्याखड्ड्यांत भरून दिला.

खड्डा कुठं घ्यायचा हे ठरवायला जमीन टोचून पाहायची, असं आम्हाला शिकवलं होतं. मी रोज सकाळी सळई खांद्यावर टाकून निघायचो आणि दारोदार अंगणं टोचायचो. बायका हातातलं काम टाकून दारात उभ्या राहायच्या आणि माझ्या सळईकडे टक लावून पाहायच्या. त्यांना माझ्या कामाचं कौतुक वाटतंय, असं मी धरून चाललो होतो.

गल्लीच्या वरच्या टोकाला, जिथं जमीन उंच आणि पांढरट होती, तिथं एका म्हातारीचं घर होतं. घरात ती आणि तिची सून, दोघीच. मुलगा येलदरीला धरणाच्या कामावर दगड फोडायला गेलेला. सुनेला सहावा महिना लागला होता.

“मावशी, तुमच्या न्हाणीपाशी खड्डा घेऊ,” मी म्हणालो.

“इथं न्हाई.”

“का बरं?”

“न्हाई म्हनलं ना बाबा.”

“मग त्या कोपऱ्यात घेऊ.”

“तिथं तर बिलकूल न्हाई. आमी पानी उचलून परसात केळीला घालू. गल्लीत थेंब येऊ देनार न्हाई. पर खड्डा नको.”

मी तिला डासांचा जन्म, त्यांचं बालपण आणि त्यांचे गुन्हे असं सगळं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

“लय गोड बोलतूस रं लेकरा,” ती म्हणाली. “पर इथं न्हाई.”

आता मला सोडून सगळ्या गल्लीला जे ठाऊक होतं ते सांगून टाकतो. तिच्या न्हाणीच्या भिंतीपलीकडे, अंगणाच्या कोपऱ्यात, तिचं पेव होतं. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं धान्याचं कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत पोट रांजणासारखं. आतून कडब्याचं अस्तर लावून चैत्रात ज्वारी भरायची, तोंडावर फरशी, फरशीवर माती, मातीवर सारवण. वरून पाहणाऱ्याला नुसतं अंगण दिसतं. घरातल्या कणग्या रिकाम्या झाल्या की पावसाळ्यात ते फोडायचं. त्या पेवात दोघींची पुढच्या सुगीपर्यंतची भाकरी होती आणि सुनेचं बाळंतपण होतं. त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं.

आणि पेवाची जागा सरकारी माणसाला सांगायची नसते. निजामाच्या राज्यात लेव्हीचं धान्य वसूल करणारे लोखंडी सळया घेऊन यायचे आणि अंगणं टोचायचे. सळई भसकन आत गेली की पेव सापडलं. म्हातारीचं एक पेव तसंच गेलं होतं, आणि ते वर्ष त्या घरानं रानातल्या पाल्यावर काढलं होतं. पुढं राज्य बदललं, टोप्या बदलल्या. पण लेव्ही पुन्हा बसणार अशी आवई मधूनमधून उठायचीच. अशा दिवसांत मी खांद्यावर सळई घेऊन गल्लीतून मिरवत होतो, आणि बायकांच्या नजरेत कौतुक शोधत होतो.

पेव काय असतं हे मला माहीत नव्हतं, असं म्हणायचीही सोय नाही. पेडगावला आमच्या घरासमोरच पेव होतं. पेवातल्या ज्वारीची आंबूस वासाची भाकरी खाऊनच मी वाढलो. पण घरी असताना मी शेतकऱ्याचा मुलगा होतो आणि इथं सरकार होतो. सरकारला असल्या गोष्टी आठवत नाहीत.

एवढ्यात बातमी आली की औरंगाबादहून मोठे साहेब मुआयन्याला, म्हणजे कामाच्या तपासणीला येणार. माझ्याकडे दाखवायला काय होतं? बेडूक. माझी झोप उडाली. सगळ्या गावात पांढरी, भुसभुशीत, पाणी पिणारी जमीन फक्त वरच्या टोकाला होती, आणि तिथं ती म्हातारी पहारा देत बसली होती.

म्हातारी दर आठवड्याला बोरीच्या बाजाराला जाते, हे मी हेरून ठेवलं. त्या दिवशी शेजारच्या गावचे दोन गडी घेऊन मी तिच्या दारात हजर झालो. गावातल्या गड्यांना विचारलं होतं, पण प्रत्येकाची त्याच दिवशी कंबर धरली होती. सून पदर पुढं ओढून दारात आली.

“आत्याबाई न्हाईत घरी,” ती म्हणाली.

“त्या येईपर्यंत होऊन जाईल,” मी म्हणालो.

“आत्याबाई न्हाईत घरी.”

असं ती तीनदा म्हणाली. बिचारीला दुसरं वाक्य बोलायचा सराव नसावा, असं मला वाटलं. कोपरा टाळून आपण मोठा समजूतदारपणा केला, अशा थाटात मी न्हाणीच्या बाहेर, गल्लीच्या अंगाला खड्डा घेतला. पेवाचं पोट भिंतीखालून माझ्या खड्ड्याला येऊन टेकलं आहे, हे मला कुठं ठाऊक होतं? जमीन लोण्यासारखी निघत होती. दगड, विटा, वाळू, मडकं, सगळं दिवस मावळायच्या आत बसलं.

म्हातारी डोक्यावर गाठोडं घेऊन गल्लीत शिरली आणि जागीच थांबली.

“खोदलास?”

“खोदला, मावशी! बघा कसा झक्कास झालाय.”

“पानी टाकून बघितलंस?”

“दहा घागरी. एक थेंब वर राहिला नाही!”

तिनं गाठोडं खाली ठेवलं आणि उंबऱ्यावर बसली. किती तरी वेळ ती त्या खड्ड्याकडे नुसती पाहत होती. आनंदानं तिला बोलणं सुचत नसावं, असा मी अर्थ काढला. माझे अर्थ त्या काळात फार झटपट निघायचे.

दुसऱ्या दिवसापासून सासू-सुना पाण्याचा थेंब न थेंब उचलून परसातल्या केळीला घालू लागल्या. ती अवघडलेली सूनही भरलेलं घमेलं घेऊन घराला वळसा घालायची. न्हाणीच्या मोरीला कुणीतरी चिंध्यांचा बोळा घातलेला असायचा. मी रोज सकाळी जाऊन तो काढायचो, रोज दुपारी तो परत असायचा. अज्ञानाशी झगडायचं म्हणजे चिकाटी लागते, असं मी माझ्या डायरीत लिहून ठेवलं. एवढ्यावरही माझं भागेना. खालचे खड्डे तुंबलेले होते, म्हणून मी वरच्या चार घरांच्या मोऱ्यांपासून एक चर खणून ती म्हातारीच्या खड्ड्याला आणून जोडली. चारही घरांच्या मोऱ्यांना दुसऱ्या दिवशी बोळे बसले. तेही मी काढले.

कुणी मला बाजूला घेऊन सांगितलं का नाही, असं वाटेल. पण कुणी कुणाला सांगायचं, आणि पेव फोडून ज्वारी माझ्या डोळ्यांदेखत कशी हलवायची? माझ्या खांद्यावर सळई होती.

मोठे साहेब आले ते जेठाच्या उन्हात, जीपमधून. मी त्यांना बेडकांच्या बाजूनं नेलंच नाही, थेट वरच्या टोकाला नेलं. तिथं पाण्यानं भरलेल्या घागरी ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. दुसऱ्या कुणाला मी हात लावू दिला नाही. बाह्या सरसावून एकामागून एक घागर मी स्वतः ओतली. पाणी गडप. आणखी ओतली. गडप. साहेब वाकून पाहू लागले. मला आणखी जोर चढला. मी आडावरून पुन्हा घागरी भरून आणवल्या आणि त्याही ओतल्या. म्हातारी उंबऱ्यात उभी होती. प्रत्येक घागरीला तिचा जबडा घट्ट व्हायचा. हे मला तेव्हा दिसलं होतं, आणि आज इतक्या वर्षांनंतरही डोळे मिटले की पहिल्यांदा तेच दिसतं.

“काय आजीबाई, खड्डा कसा काय वाटतो?” साहेबांनी विचारलं.

“लय पितंय, सायेब,” ती म्हणाली.

साहेब खूष होऊन हसले. बरोबरच्या कारकुनानं लिहून घेतलं. माझ्या कामावर ‘उत्तम’ असा शेरा पडला आणि मी चार दिवस जमिनीवर पाय टेकवले नाहीत. टेकवले असते तर कदाचित खालून काही कळलं असतं.

आषाढात त्या टोकाला वास सुटला. आंबट, उग्र. एक वाटसरू नाकाला धोतराचा सोगा लावून म्हणाला, “हितं कोन दारू गाळायलंय व्हय?” मी त्याला थांबवून समजावलं की हा वास म्हणजे खड्डा जोरात काम करत असल्याची खूण आहे, जमिनीतले सूक्ष्म जंतू मळ पचवत आहेत. तो बिचारा मान डोलावून गेला. वास वाढला तसं माझं शास्त्रही वाढत गेलं. गल्लीतल्या बायका माझं बोलणं ऐकून एकमेकींकडे बघायच्या आणि खाली मान घालायच्या.

एके दिवशी सकाळी म्हातारी चावडीवर आली. मी तिथंच एका खोलीत राहायचो.

“चल,” ती म्हणाली.

“कुठं, मावशी?”

“तुझा खड्डा कुठवर गेला, ते बघायला.”

तिच्या अंगणात गल्लीतले चार बाप्ये पहारी घेऊन उभे होते. कोपऱ्यातलं सारवण उकललं, माती ओढली, फरशीची कड दिसली. तेवढ्यानं मला सगळं कळलं. पेडगावच्या अंगणातली आमची फरशी मला आठवली. फरशी सरकवली तसा तो वास भपकन अंगावर आला. तो जंतूंचा नव्हता. सडलेल्या ज्वारीचा होता.

मला काय झालं ते नीट सांगता येत नाही. आपण हे केलं, आता आपणच आत उतरून हातानं जेवढी निघेल तेवढी काढायची, एवढंच डोक्यात होतं. मी पेवाच्या तोंडात पाय सोडले. तेवढ्यात मागून कुणीतरी माझ्या सदऱ्याची कॉलर धरून मला असा हिसडा दिला की मी उताणा पडलो. म्हातारीनं धरलं होतं.

“मरायचंय का रं, मुडद्या?” ती ओरडली. “वाफ हाय आत! पेव फोडल्या फोडल्या कोन उतरतं का?”

एका बाप्यानं पेटता कंदील दोरीला बांधून आत सोडला. हातभर खाली गेला नाही तोच विझला.

“तुझ्या मायला म्या काय सांगितलं असतं?” म्हातारी म्हणाली. तिच्या वर्षाच्या भाकरीचा मी चिखल केला होता, आणि ती माझ्या आईचा विचार करत होती. मी त्याच मातीत बसून हमसून रडलो. सरकारी नोकरीत तशी तरतूद नाही, पण रडलो.

दोन दिवस पेव उघडं ठेवलं. तिसऱ्या दिवशी कंदील तळापर्यंत जळत राहिला, तेव्हा कमरेला दोर बांधून मी उतरलो. खड्ड्याच्या बाजूची ज्वारी काळी पडून तिचे गठ्ठे झाले होते. पलीकडची कोरडी होती. साधारण निम्मी वाचली. घमेल्यानं काढून ती सगळ्या गल्लीच्या घरांत, ओसऱ्यांवर वाळत घातली. कोणी बोलावलं नव्हतं, तरी बायका येऊन हात लावत होत्या. सून ओट्यावर बसून एकेक दाणा पारखत होती. माझ्याकडे बघून ती पहिल्यांदाच दुसरं वाक्य बोलली. “भाऊ, पानी पिता का?” मी तांब्या रिकामा केला आणि ओट्याच्या कडेला बसून दाणे पारखू लागलो.

मी घरी निरोप धाडला. वडील स्वतः बैलगाडी घेऊन पेडगावहून आले, गाडीत आमच्या पेवातली ज्वारी. सगळी हकीकत ऐकून त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

“पेवाच्या उशाला पानी?” ते म्हणाले. “आन् तुला सरकार पगार देतंय?”

मग ते आणि म्हातारी अंगणात बसून पेवांविषयी बोलत बसले. कुठं मुरूम लागतो, कुठं काळी, कोणतं पेव किती वर्षं टिकलं. मी शेजारी उभा होतो. तासाभरात त्यांना माझी एकदाही गरज पडली नाही.

राहिला कागद. गावातला सर्वांत उत्तम खड्डा बुजवला, ही बातमी गटाच्या कचेरीत पोचली आणि माझ्याकडून खुलासा मागवला गेला. पेवाचं खरं लिहिलं असतं तर मला कदाचित नुसती ताकीद मिळाली असती. पण मग पेव सरकारी कागदावर आलं असतं, गावाच्या आणि घराच्या नावासकट. मी लिहिलं, “खड्ड्याचे पाणी कोठे जाते हे सेवकाने पाहिले नाही.” हे अगदी खरं होतं. माझ्या नावावर हलगर्जीपणाचा शेरा पडला आणि त्या वर्षीची बढती गेली. माझ्या नोकरीतला तेवढा एक शेरा मला शोभून दिसतो.

दिवाळीनंतर मी पुन्हा खड्डे घेतले. सळई चावडीच्या आढ्यावर टाकून दिली होती. म्हातारी पुढं चालायची, मी मागं. एखाद्या अंगणात ती थांबायची, पायानं जमीन चाचपायची आणि म्हणायची, “इथं न्हाई.” मी मुकाट्यानं पुढं व्हायचो. मग कुठंतरी म्हणायची, “हितं खोद, मुरूम हाय.” तिथं पाणी जिरायचं. जिथं मुरूम नव्हता तिथं तिनं चरी काढायला लावल्या, परसात केळी आणि अळू लावायला लावलं. बेडकांचे संसार मोडले. त्या गावाचं सांडपाणी मी हटवलं असं पुढं माझ्याविषयी बोललं गेलं. मी ते खोडून काढलं नाही. तेवढी हुशारी माझ्यात उरली होती.

पुढच्या चैत्रात तिनं मला बोलावणं धाडलं. मुलगा धरणावरून आला होता. नातू अंगणभर रांगत होता. नवं पेव भरून झालं होतं, सारवण अजून ओलं होतं.

“ये. हितं पाय दे,” ती म्हणाली. “ध्यानात ठेव जागा.”

“मावशी, सरकारी माणसाला दाखवायचं नसतं.”

“सरकारी मानसाला कुठं दाखवायलेय मी?” असं म्हणून ती चुलीकडे वळली.

दोन वर्षांनी माझी बदली झाली. नव्या सेवकाला मी दप्तर दिलं, मोजपट्टी दिली, आढ्यावरची गंजलेली सळई दिली, आणि गावाचा हातानं काढलेला नकाशा दिला. त्यावर सगळे खड्डे आणि चरी दाखवल्या होत्या. वरच्या टोकाच्या एका अंगणापाशी फक्त दोन शब्द लिहिले होते, “इथे नाही.” तरुण, हुशार माणूस होता. त्यानं नकाशावर बोट ठेवलं.

“इथं का नाही?” त्यानं विचारलं.

“न्हाई म्हनलं ना बाबा,” मी म्हणालो.